उन्हाच्या धड्यांची परीक्षा

वसईत सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात बारा वाजून बराच वेळ झालेला असतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि वसई त्याच्या बरीच पश्चिमेला, ७२.८ अंशांजवळ आहे. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह मार्चच्या मध्यावर पावणेएकच्या जरा पुढे, एप्रिलच्या मध्यावर १२.३९ च्या सुमारास आणि मेच्या मध्यावर १२.३५ च्या आसपास होते. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांमध्ये सकाळची मुले सुटण्याची आणि दुपारची मुले येण्याची वेळ साधारण हीच. होळी बाजार, पारनाका, पापडी या भागांतले रस्ते गणवेशांनी भरतात तेव्हा घरांच्या भिंतींची सावली भिंतींच्या पायाशी गोळा झालेली असते.

उन्हापासून जपण्याचे धडे शाळांमध्ये दिले जातात. परिपाठात सूचना होते, फलक लागतो, कधी एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले जाते. त्यातून मुलांमध्ये काही बदलले का, हे मात्र क्वचितच तपासले जाते. ती तपासणी कशी करावी, हे या लेखात पाहू. तिचे सूत्र सोपे आहे: कागदावरच्या उत्तरांपेक्षा साडेबाराला पटांगणात आणि फाटकापाशी जे दिसते त्याला जास्त गुण द्यायचे, आणि एकूण गुणांपैकी निम्मे शाळेसाठी राखून ठेवायचे.

उन्हातले दोन धोके

‘ऊन लागले’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उष्णता. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात, चक्कर येते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. तिथे जिवाला धोका असतो. लहान मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असल्याने बाहेरची उष्णता ती लवकर घेतात. शिवाय खेळाच्या नादात तहानेकडे त्यांचे लक्षच जात नाही.

दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. ती दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. त्यांनी त्वचा भाजते, आणि वर्षानुवर्षे डोळ्यांत जात राहिली तर मोतीबिंदूला हातभार लावतात. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन बरेच संरक्षण देते, म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकसमूहांच्या तुलनेत कमी आढळतो. डोळ्यांना मात्र त्या संरक्षणाचा उपयोग नाही.

दोन्ही धोक्यांच्या वेळा जुळत नाहीत. अतिनील किरणे खऱ्या मध्यान्हीला सर्वांत तीव्र असतात, हवेचे तापमान त्यानंतर चढत राहते. वसईसारख्या किनाऱ्यावर खारा वारा सुटला की अंगाला बरे वाटते, पण त्याने अतिनील किरणे कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विरळ ढगांतून ती ९० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतात, आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरणे परत फेकते. राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

वसईचा हंगाम

उन्हाळा म्हटला की मे आठवतो. कोकणपट्टीवर मात्र शाळेच्या दृष्टीने मार्च, एप्रिल आणि ऑक्टोबर जास्त जोखमीचे. मार्चमध्ये जमिनीकडून पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, खारा वारा उशिरा येतो आणि पारा झपाट्याने चढतो. मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावरचा मार्चमधला ४१.७ अंशांचा उच्चांक २८ मार्च १९५६ चा आहे. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या अखेरीसच कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. भारतीय हवामान विभागाचा निकषही किनाऱ्यासाठी वेगळा आहे: मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच, ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर. विदर्भातल्या ४५ अंशांच्या बातम्या वाचून ‘आपल्याकडे कुठे एवढे’ म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. दमट हवेत घाम वाळत नाही आणि कमी तापमानातही शरीर थकते.

ऊन किती कडक आहे हे ओळखायला मुलांना उपकरण लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तर अतिनील किरणे तीव्र आहेत असे समजावे. एप्रिलच्या मध्यावर वसईत साधारण साडेनऊपासून पावणेचारपर्यंत सावली उंचीपेक्षा लहान राहते. मध्यान्हीला १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची सावली जेमतेम २० सेंटिमीटर पडते. डिसेंबरच्या उत्तरार्धातही भर दुपारी ती ११० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे उंचीहून थोडी लहानच. मेच्या मध्यानंतर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. मेमध्ये सुट्टी असते आणि जुलैमध्ये ढग, तरी मार्चपासून दर आठवड्याला एका काठीची सावली मोजली तर भूगोल, गणित आणि आरोग्य तिन्हींचा पाठ होतो.

जगाने काय करून पाहिले

या शिक्षणाचा सर्वांत जुना आणि मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियातला. तिथे सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला असे सांगणारी मोहीम १९८१ मध्ये सुरू झाली आणि १९८८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात ‘सनस्मार्ट’ कार्यक्रम उभा राहिला. पुढे शाळांना मान्यता देण्याची पद्धत आली. मान्यतेसाठी शाळेला लेखी धोरण, पटांगणात पुरेशी सावली, गणवेशात रुंद काठाची टोपी आणि अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असताना संरक्षण, एवढे दाखवावे लागते. म्हणजे तपासणी मुलांइतकीच शाळेचीही होते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० मध्ये शाळांसाठी ‘सनवाइज’ कार्यक्रम सुरू केला. त्याच्या मूल्यमापनात मुलांची माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली, वागण्याविषयीच्या इराद्यांतला बदल मात्र बेताचा होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक अभ्यासाने त्यावर खर्चलेल्या एका डॉलरमागे उपचार आणि बुडणाऱ्या कामाचे दोन ते चार डॉलर वाचतात, असा हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये शाळांसाठी सूर्यरक्षणाच्या पुस्तिकांचा संच काढला. त्यातली एक पुस्तिका केवळ मूल्यमापनाची आहे.

तोच अभ्यासक्रम इथे का चालणार नाही

ऑस्ट्रेलियाची सगळी मांडणी त्वचेच्या कर्करोगाभोवती आहे, कारण तिथे तो फार मोठा प्रश्न आहे. पालघर जिल्ह्यात क्रम बदलतो: आधी उष्णता, मग डोळे, मग त्वचा. महागडे मलम हा इथल्या बहुतेक घरांसाठी उपायच नाही. टोपी, छत्री, ओढणी, पाण्याची बाटली, सावली आणि वेळ ही इथली साधने.

काही मुलांची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. जन्मजात रंगद्रव्य नसलेली किंवा अंगावर कोड असलेली मुले अतिनील किरणांनी लवकर भाजतात. जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात, आणि अंगातले पाणी कमी झाल्यावर सिकलसेलच्या तीव्र वेदना उफाळू शकतात. अशा मुलाला पाणी पिण्यासाठी आणि त्यानंतर बाहेर जाण्यासाठी वर्गात परवानगी मागावी लागू नये.

हाताशी काय आहे

नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच देशभर सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. त्यातली वैद्यकीय पथके शाळांत तपासणीला येतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

वेळेबाबत शासनाचे निर्णय होत आले आहेत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्याच आठवड्यात राज्य मंडळाच्या शाळांना २१ एप्रिलपासून सुट्टी जाहीर झाली. मार्च २०२५ च्या अखेरीस निघालेल्या परिपत्रकाने प्राथमिक शाळांसाठी सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिकसाठी ७ ते ११.४५ अशी वेळ ठरवली. ही वेळ मध्यान्ह टाळते, पण सव्वाअकरानंतर घरी चालत जाणारे मूल तीव्र अतिनील किरणांतूनच जाते. वेळ बदलल्याने धड्याची गरज कमी झाली, संपली नाही.

मूल्यमापनाच्या चार पायऱ्या

तपासणी चार प्रश्नांत विभागली की सोपी होते.

१. पोहोचले का? किती वर्गांत धडा झाला, किती मुले हजर होती, किती पालकांपर्यंत निरोप गेला.
२. कळले का? मुलांना धोका, लक्षणे आणि उपाय ओळखता येतात का.
३. वागणे बदलले का? टोपी, पाणी, सावली, खेळाची वेळ यांत फरक दिसतो का.
४. त्रास कमी झाला का? चक्कर, डोकेदुखी, उलट्या आणि घोळणा फुटणे यांच्या नोंदी घटल्या का.

बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवर थांबतात. ‘४०० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला’ या वाक्यातून ४०० मुले सभागृहात बसली होती एवढेच कळते.

कळले का: प्रश्न कसे असावेत

‘उन्हात टोपी घालावी का?’ या प्रश्नाला प्रत्येक मूल ‘हो’ म्हणणार, कारण बाईंना काय ऐकायचे आहे हे त्याला ठाऊक असते. प्रश्न प्रसंगातून विचारावेत. उदाहरणार्थ:

• खारा वारा सुटला आहे, गरम वाटत नाही, पण सावली पायाशी आहे. कबड्डी आत्ता खेळावी की चार वाजता?
• मैत्रीण चालता चालता थांबली, बडबडू लागली, अंग तापले आहे. आधी काय करशील?
• खिशात कांदा ठेवला तर पाणी कमी प्यायले तरी चालते का?
• एक लिटर पाण्यात किती साखर आणि किती मीठ घालायचे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्रमाने यायला हवे: सावलीत नेणे, मोठ्या माणसाला हाक मारणे, कपडे सैल करून अंग पाण्याने ओले करणे आणि वारा घालणे, १०८ ला फोन करणे, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी न घालणे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान वर्गांना लिहायला न लावता चित्रे द्यावीत किंवा नाटुकले करून दाखवायला सांगावे. हीच चाचणी धड्याच्या आधी, धड्यानंतर आठवड्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी घ्यावी. दोन महिन्यांनंतर जे उरते तेच शिकलेले म्हणावे.

वागणे बदलले का: फाटकावरची मोजणी

हा मूल्यमापनाचा गाभा. आठवी-नववीच्या मुलांच्या चार जोड्या कराव्यात. एक जोडी फाटकाशी उभी राहून सुटताना पहिल्या शंभर मुलांपैकी किती जणांच्या डोक्यावर टोपी, छत्री, रुमाल किंवा ओढणी आहे ते मोजेल. दुसरी मधल्या सुट्टीत सावलीतली आणि उन्हातली मुले मोजेल. तिसरी पाण्याच्या नळांपाशी थांबेल. चौथी वर्गांत किती बाटल्या रिकाम्या झाल्या ते पाहील. मोजणीचा दिवस आधी जाहीर करू नये. ‘आज पाहुणे येणार’ म्हटल्यावर सगळी शाळा वेगळी वागते. नावे लिहू नयेत, फक्त आकडे लिहावेत.

धड्याआधीच्या दोन आठवड्यांत तीन मोजण्या आणि धड्यानंतर दर महिन्याला एक, एवढे पुरे. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे कमाल तापमान आणि आभाळ कसे होते हे लिहून ठेवावे, म्हणजे ढगाळ दिवसाची तुलना निरभ्र दिवसाशी होणार नाही.

पाण्याची मोजणी करताना एक गोष्ट विसरू नये. अनेक मुली शाळेत पाणी पिणे टाळतात, कारण स्वच्छतागृहात जाववत नाही. त्यांना पाण्याचे महत्त्व शंभरदा सांगून उपयोग नाही. पाणी पिण्याचा आकडा वाढत नसेल, तर आधी स्वच्छतागृहाची कडी, पाणी आणि सफाई पाहावी. केरळमध्ये २०१९ मध्ये शाळांनी पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा द्यायला सुरुवात केली आणि ती कल्पना इतर राज्यांतही गेली. घंटा चांगलीच, पण तिच्याबरोबर बाहेर जाण्याची मुभाही हवी.

त्रास कमी झाला का: नोंदवही

कार्यालयात एक साधी वही ठेवावी: तारीख, वेळ, इयत्ता, काय झाले, आधी मूल कुठे होते, काय उपचार केला. सुरुवातीला नोंदी वाढतील, कारण पूर्वी ‘जरा बस, बरे वाटेल’ म्हणून सोडलेल्या तक्रारी आता वहीत येतील. ही वाढ अपयशाची खूण समजू नये. दुसऱ्या वर्षीचे आकडे पहिल्या वर्षाशी ताडून पाहावेत. वही भरली की वेळेचा नमुनाही दिसतो: त्रास कवायतीनंतर होतो, पत्र्याच्या खोलीत होतो, की घरून उपाशी आलेल्या मुलांना होतो.

फरक धड्यामुळेच पडला का?

टोप्या वाढल्या त्या धड्यामुळे, की बाजारात नव्या टोप्या आल्या म्हणून? उत्तर शोधायला तुलना लागते. शेजारच्या दोन शाळांपैकी एकीत धडा ऑक्टोबरमध्ये आणि दुसरीत फेब्रुवारीत घेतला, तर मधल्या काळात दुसरी शाळा तुलनेसाठी मिळते आणि कोणतेही मूल धड्याला मुकत नाही.

मोठ्या पातळीवर अशी तुलना अहमदाबादने करून दाखवली. तिथे मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत १,३४४ जादा मृत्यू झाले होते. २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना केली, तेव्हा २०१४ आणि २०१५ मध्ये वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज निघाला. मात्र या अंदाजाची मर्यादा त्यांनी १६२ ते २,२१८ अशी रुंद दिली. शाळेनेही असेच प्रामाणिक राहावे. शंभरातल्या २० टोप्या २४ झाल्या, तर ‘धडा यशस्वी’ असे फलकावर लिहिण्याइतका तो फरक नाही.

शाळेचे गुण

सावलीच नसेल तर ‘सावलीत खेळा’ या वाक्याला अर्थ नाही. म्हणून शाळेलाही पुढील बाबींवर गुण द्यावेत.

• सावली: मुलांनी साडेबाराला पटांगणाचा नकाशा काढून झाडांची, व्हरांड्याची आणि मंडपाची सावली रंगवावी. त्यात एका वेळी किती मुले मावतात ते मोजावे.
• वेळापत्रक: कवायत, खेळाचा तास आणि क्रीडासराव साडेनऊच्या आधी किंवा चारनंतर आहेत का?
• गणवेश: टोपीला परवानगी आहे का? सुती कपडा आहे का? बूट-मोज्यांची सक्ती मार्चनंतर सैल होते का?
• पाणी: नळ सावलीत आहेत का, आणि टाकीचे पाणी दुपारी कढत होते का?
• छप्पर: पत्र्याखालच्या वर्गांत दुपारी तापमान किती असते? पत्र्याला पांढरा रंग दिला आहे का?
• जमीन: पेव्हर ब्लॉक घालताना झाडांच्या बुंध्याशी माती उघडी ठेवली आहे का?

वसईत झाडांची परंपरा आहे. वाड्यांनी हा पट्टा वर्षानुवर्षे गार ठेवला. शाळेच्या आवारातले एक जुने चिंचेचे झाड राखणे हे शंभर फलकांपेक्षा मोठे सूर्यरक्षण आहे.

दुष्परिणामही तपासा

चुकीच्या कारणाने बदललेले वागणे हे यश मानू नये. ‘उन्हात गेलीस तर काळी होशील’ असे सांगून मुलींना सावलीत बसवले, तर टोप्यांचे आकडे वाढतील आणि रंगाचा न्यूनगंडही वाढेल. चाचणीत ‘ऊन का टाळायचे?’ हा प्रश्न ठेवावा. उत्तरात ‘काळे होऊ नये म्हणून’ वारंवार आले, तर धड्याची भाषा बदलावी.

दुसरी काळजी खेळाची. ड जीवनसत्त्व तयार व्हायला त्वचेला ऊन लागते, आणि भारतीय मुलांत त्याची कमतरता सर्रास आढळते. धड्यानंतर मुले खेळायचीच थांबली, तर नुकसान झाले. एकूण खेळाचा वेळ तेवढाच राहून त्यातला भर दुपारचा भाग कमी व्हावा, हे उद्दिष्ट.

वर्षाचे वेळापत्रक

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, तेव्हा पावसाची चाहूल लागलेली असते आणि उन्हाचा विषय कुणाच्या मनात नसतो. तेव्हा फक्त शाळेच्या गुणांची पाहणी करावी आणि झाडे लावावीत. सप्टेंबरच्या अखेरीस पूर्वचाचणी आणि पहिल्या मोजण्या, ऑक्टोबरच्या सुरुवातीला धडा. डिसेंबरमध्ये, सहलींच्या आधी, दोन महिन्यांनंतरची चाचणी. फेब्रुवारीच्या मध्यावर उजळणी, मार्च-एप्रिलमध्ये मोजण्या आणि नोंदवही.

एप्रिलअखेर एका पानाचा निकाल तयार करावा: मुलांना काय कळले, काय बदलले, शाळेने काय केले. तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. समितीने त्या पानावरून पुढच्या जूनपर्यंत करायची एकच गोष्ट निवडावी: नळावर छप्पर, गणवेशात टोपी, किंवा खेळाच्या तासाची अदलाबदल. मुलांना सगळे ठाऊक आहे आणि तरी वागणे तसेच आहे असा निकाल आला, तर पुन्हा व्याख्यान ठेवण्याआधी वेळापत्रक आणि सावली तपासावी. टोप्यांचा आकडा हलला नाही, पण सुटण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली, तरी त्या वर्षीचे मूल्यमापन कामी आले म्हणायचे.